जोडीवाले सर

मुलीची पत्रिका घेऊन मी एकदा टेनिसच्या कोचकडे गेले होते. कोपऱ्यांना हळदकुंकू लावलेली पत्रिका, टाइप केलेला बायोडाटा आणि निळ्या साडीतला फोटो, असा सगळा सरंजाम. त्या वेळी मी जेमतेम साठीची, म्हणजे अगदीच अल्लड. टेलिफोन खात्यातून नुकती रिटायर झाले होते, आणि जन्मभर लोकांचे नंबर जोडून दिले म्हणून आपल्याला जगातलं काहीही जोडता येतं, अशी माझी समजूत होती. शेजारच्या कुमुदताई भाजीच्या ठेल्यापाशी म्हणाल्या, "आमच्या भाच्याची जोडी त्या सरांनीच जमवली. काय नजर आहे माणसाची! आता दोघं दिल्लीला जाऊन आले." मी दिल्लीला मनातल्या मनात आग्रा जोडला, ताजमहाल जोडला. कुठे भेटतात विचारलं, तर म्हणाल्या, "क्लबाच्या मागच्या मैदानात. कोणालाही विचारा, जोडीवाले सर म्हणून." लग्न जमवणारा माणूस भर उन्हात मैदानात कशाला बसेल, ही शंका एखाद्या शहाण्या बाईला आली असती.

सर सिमेंटच्या बाकावर बसले होते. उंच, वाळलेले, रंग उडालेली कॅप, आणि उन्हाने करपून करपून चामड्यासारखी झालेली मान. मी नमस्कार केला आणि म्हटलं, "आमच्या मुलीसाठी आले होते. जोडी जमवायची आहे."

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं स्थळ यांच्या घरातच आहे.

"बसा, बसा आजीबाई. उंची किती आहे?"

माझ्याहून चार वर्षांनी मोठा माणूस मला आजीबाई म्हणत होता. पण गरज आपली, म्हणून गिळलं. "पाच तीन."

"चालते. सर्व्हिस?"

"परमनंट आहे. बँकेत."

"आणि दुसरी सर्व्हिस?"

"दुसरी कशाला? पहिली छान चालली आहे की."

"पहिली रोज चालत नसते. दुसरी भरवशाची पाहिजे. बरं, नेटवर कशी आहे?"

"नेटवर अजून टाकलेलं नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे ते आवडत नाही कुणाला."

त्यांनी कॅप काढून डोकं खाजवलं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "डावखुरी आहे काय हो?"

वैशालीचा डावा हात आम्ही बायोडाटातून गाळला होता. आधीच्या एका स्थळाने चहाचा ट्रे पुढे करताना तो पाहिला आणि 'कळवतो' म्हणून जे गेले ते गेलेच. मी खालमानेने कबूल केलं, "आहे. पण जेवते उजव्या हाताने."

"अरे, मंग तर सोनं आहे!" ते उठून उभेच राहिले. "कुठं आहे पोट्टी? उद्याच आणा. वय काय तिचं?"

"बत्तीस."

ते पुन्हा खाली बसले.

तेव्हा कुठे मला बाकाखालची चेंडूंची टोपली दिसली. पुढचं सांगायला नको. पण ते हसले नाहीत. पत्रिकेची घडी तिच्या मूळच्या खुणांवर नीट बसवून त्यांनी ती मला परत दिली, आणि म्हणाले, "घरात दुसरं कोणी आहे काय डावखुरं? लहान?"

"नात आहे. आठ वर्षांची."

"तिले आणा. मी हात जोडतो तुम्हाले." आणि खरंच जोडले.

हा किस्सा मी पुढे कितीतरी हळदीकुंकवांना आवाज काढून काढून सांगितला. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि मी टाळ्या घ्यायची. हातात पत्रिका घेऊन आलेल्या बाईकडेसुद्धा जो माणूस डावखुरं पोर मागतो, त्याच्यावर काय वेळ आली असेल, हे मला त्या टाळ्यांत कधी ऐकूच आलं नाही.

वेळ अशी आली होती, की त्यांना शिकवायचं होतं दुहेरी, आणि दुहेरी कुणाला नको होतं. प्रत्येक आईबापाला आपलं लेकरू कोर्टावर एकटं हवं, कप उचलतानाच्या फोटोत एकटं हवं. सर सांगायचे, एकेरीतला खेळाडू कोर्ट झाकतो आणि दुहेरीतला पार्टनरला झाकतो. आईबाप मान डोलवायचे आणि पुढच्या महिन्यात पोराला दुसरीकडे टाकायचे. कुमुदताईंच्या भाच्याची जोडीसुद्धा दिल्लीहून आल्यावर तुटलीच होती. सरांनी जमवलेली एकही जोडी दोन हंगामांच्या वर टिकली नव्हती. 'जोडीवाले सर' हे नाव क्लबातल्या लोकांनी थट्टेने ठेवलं होतं, हे मला मागाहून कळलं.

नातीला, तन्वीला, मी नेलं. पहिल्याच दिवशी तिने डाव्या हाताने चेंडू असा मारला, की तो कुंपणावरून पलीकडच्या नाल्यात गेला. सर नाल्याकडे बघत म्हणाले, "वा." एवढंच. पण घरी जाताना त्यांनी मला आपल्या डब्यातला अर्धा पेढा दिला.

अर्धा. ही त्यांची सवय होती. कुठलीही गोष्ट त्यांना अख्खी घेताच यायची नाही. समोसा घेतला तर अर्धा करून शेजारच्यापुढे धरणार. शेजारी कुणी नसेल तर उरलेला अर्धा कागदात गुंडाळून खिशात. बाकावर बसतील ते डाव्या टोकाला, उजवी बाजू मोकळी सोडून. माझ्याबरोबर फाटकापर्यंत चालत आले, तर माझ्या डावीकडून. मी एकदा खोडी म्हणून मुद्दाम बाजू बदलली. ते चार पावलं अवघडल्यासारखे चालले, मग हळूच मागून वळसा घालून पुन्हा डावीकडे आले. "बारा वर्षं डाव्या बाजूनं खेळलो, आजीबाई," ते म्हणाले. "उजवीकडे गेलो का बाजूले कोणीच नाही असं वाटते."

वडील सिव्हिल लाइन्समधल्या क्लबात मार्कर होते, म्हणजे साहेबाला खेळायला कुणी नसलं की समोर उभा राहणारा माणूस. त्यांच्याकडून सर शिकले, आणि पुढे व्यावसायिक खेळाडू झाले. पण फक्त दुहेरीचे. "मले देवानं अर्ध्या कोर्टापुरतेच पाय दिले," असं म्हणायचे. बारा वर्षं एकाच माणसाबरोबर खेळले. त्याचं नाव त्यांनी मला कधी सांगितलं नाही, तो नुसता 'पार्टनर'. तुर्कस्तान, थायलंड, उझबेकिस्तान, कुठकुठली लहान गावं, लहान स्पर्धा. एक खोली, एक पलंग, आणि आज पलंगावर कोण झोपणार ते नाणं उडवून ठरायचं. एकाचे बूट फाटले की दुसऱ्याचे जुने. सर त्या देशांतल्या इमारतींबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. कुठल्या गावात पाव मऊ मिळतो आणि कुठे धुतलेले मोजे वाळत नाहीत, एवढंच सांगायचे.

ती जोडी कशी तुटली, ते त्यांनी एकदाच सांगितलं. कुठल्याशा गावात स्पर्धेला गेले होते. सकाळी दोघांनी एकत्र नाश्ता केला. मग सर कोर्टावर गेले, आणि तिथे भिंतीवर सामन्यांचा कागद लावलेला होता. त्यावर पार्टनरचं नाव होतं, आणि त्याच्या शेजारी दुसऱ्याच कुणाचं.

"मी त्या कागदासमोर उभा राहिलो," सर म्हणाले. "मले वाटलं, छपाईची चूक आहे. ऑफिसात जाऊन म्हटलंबी, की नाव चुकलं तुमचं. ते पोट्टं माह्याकडे कसं पाहून राहिलं होतं! आजीबाई, सकाळी नाश्त्याच्या वेळी त्यानं मले लोणी दिलं. आपल्या हातानं पावाले लावून दिलं. पण सांगितलं नाही."

ते तिथूनच नागपूरला परतले. पुन्हा कधी स्पर्धेत उतरले नाहीत.

म्हणून असेल, पण शिकवताना त्यांचा एकच धोशा असायचा: बोला. दुहेरीत दोघांच्या बरोबर मधून येणारा चेंडू सगळ्यात वाईट. दोघंही मारायला जातात आणि रॅकेटवर रॅकेट आदळते, किंवा दोघंही सोडतात आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. "मधला बॉल कोणाचा?" सर ओरडायचे. मुलांनी एका सुरात उत्तर द्यायचं, "जो बोलन त्याचा!" माझी नात घरात टीव्हीचा रिमोटसुद्धा याच न्यायाने पळवू लागली.

रोशनी त्यांना शहराबाहेर वाडीला सापडली. नव्या चेंडूंचं पार्सल सोडवायला ते तिकडच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामात गेले होते. तिथे नऊ-दहा वर्षांची एक लांब टांगांची मुलगी पॅकिंगच्या फळीने रबरी चेंडू गोदामाच्या शटरवर मारत होती. बाजूने ट्रक जात होते, धूळ उडत होती, आणि चेंडू एकदाही खाली पडत नव्हता. तिचे वडील त्याच गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामावर होते. सर पार्सल तिथेच विसरले आणि तिच्या वडिलांना घेऊन चहाला गेले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "तुमच्या डावीले उजवी भेटली, आजीबाई. पत्रिका पाहू काय?" मला त्यांनी मारलेला एवढाच टोमणा.

त्या दोघींना मी सहा वर्षं पाहिलं. तन्वी बोलघेवडी, रोशनी घुमी. तन्वी नेटपाशी उड्या मारणारी, रोशनी मागे उभी राहून काहीही परत आणणारी. भांडल्या की सर त्यांना एक प्लेट तर्रीपोहे आणि एकच चमचा द्यायचे. तो चमचा इकडून तिकडे फिरेपर्यंत भांडण उतरलेलं असायचं. तन्वी आमच्याकडे भाषेची शोभा करत घरी यायची, "आजी, मले भूक लागून राहिली." सूनबाई कपाळाला हात लावायच्या. रोशनी मात्र माझ्याशी जपून, पुस्तकातलं बोलायची, "आजी, मला पाणी मिळेल का?" आणि पाणी पिऊन पेला स्वतः विसळून ठेवायची. दुहेरीत दोघी जिल्ह्यात पहिल्या आल्या, मग विभागात. सरांची पाठ वाकली होती, गुडघ्यांना पट्टे आले होते, पण त्या दोघी खेळायला लागल्या की ते बाकावर डाव्या टोकाला बसून ओठातल्या ओठात दोघींच्याही वतीने बोलत राहायचे.

आणि मग नागपुरात लोणच्याचा खेळ आला. पिकलबॉल. टेनिसच्या एका कोर्टात त्याची चार बसतात, आणि ऑफिस सुटल्यावर लोक रांगा लावतात. क्लबाच्या सेक्रेटरींनी सरांना सांगितलं, या हंगामात काही दाखवा, नाहीतर मागचं कोर्ट आम्ही तिकडे देणार. दाखवायला सरांकडे एकच गोष्ट होती. दिवाळीनंतरच्या राज्य स्पर्धेत तन्वी-रोशनी. एकाहत्तराव्या वर्षी हा माणूस पहाटे सहाला कोर्टाला झाडू मारू लागला. मला म्हणाले, "एक जोडी, आजीबाई. एक जोडी टिकली ना, तर मी समजीन का मी काहीतरी केलं."

त्याच महिन्यात पुण्याच्या एका अकादमीने तन्वीला बोलावलं. एकेरीसाठी. दहा दिवसांत या, नाहीतर जागा जाईल.

इथे माझ्या मुलाचं आणि सुनेचं नाव पुढे करायला मला आवडलं असतं. पण ते दोघं कचरत होते. मुलगा म्हणाला, "आई, तीन आठवड्यांवर स्पर्धा आहे." त्यावर मीच म्हटलं, "अरे, जन्मभर अर्ध्या फोटोत राहायचं का पोरीने?" सदुसष्ट वर्षांची बाई होते मी. डोकं म्हणजे नुसतं हवेशीर.

रविवारची गाडी ठरली. शनिवारी सकाळी मी सरांना फोन करून सांगितलं, आणि अर्ध्या तासात ते आमच्या दारात उभे होते. सोफ्याच्या डाव्या टोकाला बसले. पाणी अर्धं प्यायले.

"तीन आठवडे थांबा," ते म्हणाले. "मंग न्या. मी स्वतः स्टेशनवर सोडून देतो तिले."

"जागा जाईल हो सर."

"मी त्या अकादमीवाल्यांशी बोलतो. पाया पडतो त्यांच्या."

"सर, तुम्ही असं करू नका."

त्यांनी अर्धा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "बरं. तोडायची तर तोडा. कोर्ट जाईन तर जाईन. पण एक करा माह्यासाठी. रोशनीले तन्वीनं स्वतः सांगितलं पाहिजे. तोंडानं. समोर उभं राहून. तुम्ही नाही, मी नाही, तन्वीनं. एवढं करान ना, आजीबाई?" आणि त्यांनी पुन्हा हात जोडले. सात वर्षांपूर्वीसारखेच. या वेळी मला हसू आलं नाही.

मी शब्द दिला.

संध्याकाळी तन्वीला म्हटलं, चल, वाडीला जाऊन येऊ. ती पलंगावर पालथी पडली. "आजी, मी नाही सांगू शकत. ती रडणारही नाही. नुसती बघत राहील." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हटलं, "बरं, मी बघते." मी बघते! जन्मभर दुसऱ्यांचे नंबर जोडून देणारी बाई.

रविवारी गाडी सुटली. घरी येऊन मी रोशनीच्या आईला फोन लावला, आणि सांगितलं, तन्वीला कावीळ झाली आहे.

का? तर मी हिशेब केला होता. ताप म्हटलं तर चार दिवसांत उतरतो. कावीळ तीन आठवडे चालते. तोवर स्पर्धा होऊन जाईल, मुलीला आपोआप काय ते समजेल, आणि कुणालाच समोर उभं राहून काही बोलावं लागणार नाही. मला त्या दिवशी स्वतःच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं, की मी चहा दोनदा घेतला.

सोमवारी सरांचा फोन आला. "आजीबाई, तन्वी पुण्याले पोचली ना?"

"पोचली."

"मंग रोशनी काहून म्हणते तिले कावीळ झाली म्हणून?"

मी सांगितलं. पलीकडे इतकी शांतता, की मला लाइन तुटली असं वाटलं. सवयीने मी दोनदा 'हॅलो' म्हटलं.

"मी नाही सांगत रोशनीले," ते शेवटी म्हणाले. "माह्याकडून समजणं वेगळं, आणि पार्टनरनं सांगणं वेगळं. तन्वीले आज फोन करायले लावा. आजच."

मी तन्वीला लावला. ती म्हणाली, "उद्या करते." मंगळवारी सरांचा फोन, "सांगितलं काय?" बुधवारी सकाळी, "आज सांगन काय हो ती?" त्यांचा आवाज दर वेळी थोडा लहान होत गेला. मधल्या वेळात ते बदली जोडीदार शोधत गावभर हिंडत होते. कळमन्याच्या बाजारातल्या एका व्यापाऱ्याची मुलगी खेळते असं कुणी सांगितलं, तर फळांच्या लिलावात उभं राहून त्या बापाची विनवणी करून आले. तो म्हणाला, आमची एकेरी खेळते.

बुधवारी दुपारी माझ्याच्याने राहवेना. मी क्लबाच्या मागच्या कुंपणापाशी गेले आणि लांबूनच पाहिलं. पलीकडे दोन मोठी मुलं सरावाला घेतली होती. अलीकडे रोशनी उजव्या बाजूला, आणि डाव्या बाजूला, तन्वीच्या जागेवर, सर. गुडघ्यांना पट्टे बांधून, नेटपाशी वाकलेले. मधून चेंडू आला की रोशनी ओरडत होती, "माहा!" आणि सर तिला वाट देत होते. मैदानाचं लोखंडी फाटक जरा वाजलं की दोघं एकदमच मान वळवून तिकडे बघत. तिसऱ्या वेळी फाटक मी धरलेल्या कुंपणाच्या ओढीने वाजलं. मी झाडामागे सरकले. झाडामागे! शोभतं का त्या वयात?

गुरुवारी दुपारी दाराची बेल वाजली. रोशनी आणि तिची आई. दोघींच्या पायांना धूळ, आईच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत मुळांसकट उपटलेला भुईआवळा होता, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. काविळीवर तो देतात. दोघी सकाळच्या बसने कुठल्याशा खेड्यात जाऊन, एका जाणत्या म्हातारीकडून तो घेऊन आल्या होत्या.

"ताकात वाटून द्या वं बाई," आई म्हणाली. "उपाशीपोटी. सात दिवस. तेल-तूप बिलकुल नको."

"झोपली आहे का?" रोशनीने विचारलं.

मी म्हटलं, "हो."

"मी आवाज नाही करत, आजी. दारातून पाहून जाते फक्त." तिने बूट काढायला घेतले. एक बूट काढून झाला होता, तेवढ्यात आतून सूनबाईंचा आवाज आला, "आई, तन्वीचा फोन आहे! होस्टेलचं जेवण आवडलं म्हणते. येताय का बोलायला?"

सूनबाईंना माझ्या काविळीबद्दल काहीच माहीत नव्हतं. मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

रोशनीने काढलेला बूट पुन्हा घातला. नाडी बांधायला तिला फार वेळ लागला. मी पिशवी परत करायला पुढे केली, तर तिची आई म्हणाली, "राहू द्या. कोणाच्या तरी कामी येईन." दोघी जिना उतरून गेल्या. मी पिशवी घेऊन तशीच उभी, आणि आत फोनवर माझी नात हसत होती.

सरांचा फोन त्यानंतर आला नाही. राज्य स्पर्धेतून त्यांनी नावं काढून घेतली. नवीन वर्षाच्या आधी मागच्या कोर्टावर चार लहान कोर्टांचे निळे पट्टे आखले गेले. सर काटोलला बहिणीकडे राहायला गेले.

एकदा मी बस धरून त्यांना भेटायला गेले. बहिणीच्या अंगणात खाटेवर बसले होते, डाव्या टोकाला. मला पाहून त्यांनी संत्रं सोललं, अर्धं दिलं. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी तन्वीचं विचारलं. बरी खेळते म्हटलं. खरं तर जेमतेम खेळत होती. मग ते आपणहून म्हणाले, "त्या पार्टनरचा फोन आला होता मले. इतक्या वर्षांनी. कुठून नंबर भेटला कोणास ठाऊक."

"मग? काय म्हणाला?"

"उचलला नाही. वाजू दिला."

"अहो, का?"

"त्याले बोलायचं होतं तेव्हा त्यानं लोणी दिलं," सर म्हणाले, आणि साल हातात चुरगाळत बसले. मी आणलेली माफी तशीच घेऊन परत आले.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. तेरवीला काटोलला गेले, तर मांडवात पाच-पंचवीस माणसं होती. क्लबातलं कुणी नव्हतं. त्यांनी जमवलेल्या जोड्यांपैकीही कुणी नव्हतं. बायकांच्या पंगतीला एक उंच मुलगी वाढत होती. मी तिला ओळखलं नाही, तिनेच येऊन पायाला हात लावला. रोशनी. आता त्याच क्लबात, त्याच मागच्या कोर्टावर, ऑफिसच्या लोकांना पिकलबॉल शिकवते. सरांच्या शेवटच्या आजारपणात दर आठवड्याला बसने यायची, हे मला त्यांच्या बहिणीने सांगितलं.

जेवणं झाल्यावर ती विहिरीपाशी नळाखाली ताटं विसळत होती. मी जवळ गेले. मला वाटलं, हीच वेळ. सरांच्या बाबतीत माझ्याकडून जे राहिलं ते निदान हिच्यापाशी बोलून टाकावं, सगळं, पोटात काही न ठेवता. आता सत्तरी आली, अक्कल आलीच असणार. मी सगळं सांगितलं. पुण्याला पाठवायचा हट्ट माझा होता, कावीळ माझी होती. "आणि सर आदल्या दिवशीच आमच्या घरी आले होते गं," मी म्हटलं. "तन्वी जाणार हे कळल्या कळल्या. मला हात जोडले त्यांनी, तन्वीने तुला स्वतः सांगावं म्हणून. मी शब्द दिला होता त्यांना."

रोशनीचा हात ताटावर थांबला. "आदल्या दिवशी? शनिवारी?"

"हो गं."

तिने नळ बंद केला. हातातलं ताट उभं करून त्यातलं पाणी निथळू दिलं. मग ते बाकीच्या ताटांवर ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आजी, मले आतापर्यंत वाटत होतं, त्या चार दिवसांत सर बी माह्यासारखीच तन्वीची वाट पाहून राहिले होते."